गाडी उभ्या उभ्या बॅटरी उतरते: मल्टिमीटरने करंटची गळती कशी शोधायची

संध्याकाळी लावताना गाडी ठीक होती. सकाळी किल्ली फिरवली तर नुसती टकटक, नाहीतर सेल्फ एकदा कण्हतो आणि गप्प होतो. जंपर लावून सुरू केली की दिवसभर काही तक्रार नाही. दोन रात्री उभी राहिली की पुन्हा तेच. अशी गाडी माझ्यासमोर येते तेव्हा बहुतेक वेळा तिच्यात नवीकोरी बॅटरी असते, कारण मालकाने पहिला उपाय म्हणून बॅटरीच बदललेली असते. बदलायची गरज होती का, हे मात्र कुणी मोजलेलं नसतं.

मोजायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. वेळ मात्र बराच लागतो आणि त्यातला बहुतेक नुसता वाट पाहण्यात जातो. ती वाट कुणाला पाहवत नाही, म्हणून चांगल्या गाडीतही ‘गळती’ सापडते आणि खरी गळती तशीच राहते.

लक्षणं

दोन-चार दिवस उभी राहिली की बसते, रोज चालवली तर कुरकुर नाही: गाडी बंद असतानाही कुठेतरी करंट जातोय. खालच्या तपासण्या मुख्यतः या गाडीसाठी आहेत.

अर्धा तास चालवून थांबलात, दहा मिनिटांनी परत आलात आणि सेल्फ लागत नाही: इथे संशय चार्जिंगवर किंवा बॅटरीच्या वयावर. इंजिन चालू असताना डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा दिसत असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि त्याचा पट्टा आधी बघा.

किल्ली फिरवताच सगळे दिवे विझतात, घड्याळ शून्यावर जातं, मग थोड्या वेळाने सगळं आपोआप परत येतं: टर्मिनल सैल आहे किंवा आतून गंजलंय.

रोज पाच-पाच मिनिटांच्याच फेऱ्या: यात बिघाड असेलच असं नाही. सेल्फ मारताना गेलेला चार्ज इतक्या वेळात नीट भरून येत नाही आणि बॅटरी हळूहळू खाली जाते.

गाडी तीन आठवडे हललीच नाही आणि मग बसली: याही वेळी गाडी निर्दोष असू शकते. बंद गाडीतही अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ, कंट्रोल युनिटची (गाडीतल्या छोट्या संगणकांची) मेमरी यांना थोडा करंट लागतोच. तो साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असेल तर मी त्याला दोष म्हणत नाही. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशेबाने अठरा-एकोणीस दिवसांत अर्धी होते, आणि जुनी बॅटरी अर्धी झाली की सेल्फ फिरवायला कुचराई करते. हाच करंट ३०० मिलिअँपिअर असता तर तीनच दिवसांत अर्धी झाली असती. किती दिवसांत बसते हे मी सगळ्यात आधी विचारतो ते यासाठीच. मीटर लावण्याआधीच आकड्याचा अंदाज येतो.

डोळ्यांनी आणि हातांनी, फुकटात

रात्री किंवा अंधाऱ्या जागी गाडी बंद करून लॉक करा आणि बाहेरून बघा. कुठे उजेड दिसतो का? डिकीतला दिवा आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातला दिवा हे जुने गुन्हेगार आहेत, आणि झाकण बंद असताना ते दिसत नाहीत. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो कप्प्यात ठेवा, कप्पा बंद करा, उघडा आणि मग व्हिडिओ बघा. पाच वॅटचा साधा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर घेतो. म्हणजे वरच्या हिशेबातल्या तीन दिवसांपेक्षाही लवकर बॅटरी अर्धी. काच गरम लागली तरी उत्तर मिळालं.

मग नंतर बसवलेल्या वस्तू. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून घेतलेला स्टिरिओ, अँप्लिफायर, निदानाच्या सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेला ब्लूटूथ डोंगल, मोबाइल चार्जर. कंपनीने बसवलेल्या वायरिंगपेक्षा या गोष्टींवर माझा संशय आधी जातो आणि तो बहुतेकदा खरा ठरतो. स्टिरिओला दोन प्रकारची वीज लागते: मेमरीसाठी कायमची, बहुधा पिवळ्या वायरने, आणि किल्लीवर चालू-बंद होणारी, बहुधा लाल वायरने. घाईत बसवणारा दोन्ही वायरी कायमच्या विजेला जोडून मोकळा होतो. पडदा काळा दिसतो, पण आतलं यंत्र जागंच राहतं. काढता येईल ते सगळं काढा आणि दोन रात्री गाडी तशीच उभी करून बघा. एवढ्यावर प्रश्न सुटला तर मीटर बाहेर काढायचीही गरज नाही.

बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून बघा. हलले तर सैल आहेत. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने घासा, मात्र ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. बॅटरीच्या माथ्यावर ओलसर, ॲसिड मिसळलेली घाण असेल तर तिच्यातूनही थोडा करंट एका टोकाकडून दुसऱ्याकडे झिरपतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळं टोक ऋण टर्मिनलला आणि लाल टोक माथ्याच्या प्लॅस्टिकवर फिरवा. कोरड्या, स्वच्छ माथ्यावर काही दिसत नाही. व्होल्ट दिसले तर पुसायची वेळ झाली आहे.

व्होल्ट मोजा

गाडी नुकतीच चालवली असेल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा खोटा चांगला येतो. काही तास थांबा, किंवा दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि मग थोड्या वेळाने मोजा. मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात, काळी ‘कॉम’मध्ये, डायल २० व्होल्ट डीसीवर.

१२.६ किंवा जास्त: भरलेली. १२.४ च्या आसपास: पाऊण. १२.२: अर्धी. १२.० च्या खाली: जवळजवळ रिकामी. हे आकडे साध्या लेड-ॲसिड बॅटरीचे, खोलीच्या तापमानाचे. एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेल्या) प्रकारात भरलेल्या बॅटरीचा आकडा थोडा वर असतो.

आता कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघत राहा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकलेली आहे किंवा अर्धवट भरलेली आहे. भरलेली असूनही कोसळला तर गळती शोधण्यात वेळ घालवू नका, आधी बॅटरीची लोड टेस्ट (भार टाकून घेतलेली चाचणी) करून घ्या.

इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर लावूनही आकडा तेरा-सव्वातेराच्या खाली जाऊ नये. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त करतात, त्यामुळे एकाच आकड्यावरून निकाल देऊ नका. थोडा वेळ बघत राहा. १५ च्या वर सतत राहत असेल तर तोही दोषच, त्याने बॅटरी उकळते.

एका रात्रीची चाचणी

ही चाचणी लोक टाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त उत्तर हीच देते. बॅटरी चार्जरने पूर्ण भरा आणि काही तास शांत ठेवा. ऋण टर्मिनल काढून बाजूला करा, व्होल्ट लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा.

एकटी पडलेली बॅटरी रात्रीतून ०.१ व्होल्टपेक्षा जास्त उतरली तर ती स्वतःच चार्ज धरत नाही. गाडीतल्या वायरींचा त्यात काही संबंध नाही. आकडा जागेवर राहिला आणि गाडी जोडलेली असताना मात्र उतरतो, तर गळती गाडीत आहे आणि नवी बॅटरी घेऊन काही साधणार नाही.

ऋण टर्मिनलच का? गाडीचा सगळा सांगाडा ऋणाला जोडलेला असतो. आधी धन सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट, ठिणगी आणि वितळलेला पाना. ऋण आधी काढा, शेवटी जोडा. अंगठी, कडं काढून ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून आजूबाजूला ठिणगी आणि विडी-सिगारेट नको. काढण्यापूर्वी स्टिरिओचा कोड जवळ आहे का बघा. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेवर उघडत असेल तर ती बंद करू नका, नाहीतर उघडायला वीजच उरणार नाही.

करंट मोजणं

मीटर आता सर्किटमध्ये ओळीत बसणार, म्हणजे गाडीचा सगळा करंट मीटरमधून जाणार. लाल वायर काढून १० अँपिअरच्या भोकात घाला आणि डायलही तिथेच ठेवा. या स्थितीत मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तारच. धन आणि ऋण टर्मिनलला एकदम लावलात तर बॅटरी शॉर्ट होईल. स्वस्त मीटरमध्ये या भोकाला फ्यूजही नसतो. पूर्ण १० अँपिअर काही सेकंदच घ्यावेत असं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. अर्ध्या अँपिअरच्या आतला करंट ते निवांत सोसतात.

तयारी अशी. बॉनेट उघडं ठेवा, पण त्याला स्विच असेल तर तो दाबून बांधा. आतल्या फ्यूजबॉक्सपर्यंत पोहोचायचं असेल तर दार आत्ताच उघडून ठेवा आणि दाराच्या कडेतलं कुलूप स्क्रूड्रायव्हरने ढकलून ‘बंद’ करा, म्हणजे गाडीला दार लागलेलंच वाटेल. (काम संपल्यावर हँडल ओढून ते कुलूप मोकळं करा आणि मगच दार लावा, नाहीतर आपटून मोडेल.) बिनकिल्लीची गाडी असेल तर रिमोट चांगला लांब ठेवून या. खिशात राहिला तर गाडी झोपतच नाही.

ऋण केबल काढा. मीटरचं लाल टोक केबलला आणि काळं टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला लावा. हाताने धरू नका, मगरचिमटे वापरा. उलटं लागलं तर फक्त उणे चिन्ह दिसेल, बिघडत काही नाही.

केबल काढून मीटर जोडताना गाडीचे कंट्रोल युनिट जागे होतात आणि सुरुवातीला काही अँपिअर खेचतात. हे टाळायचं तर एका जाड जंपर वायरने केबल आणि खुंटी आधीच जोडा, मग टर्मिनल सोडा, मीटर लावा आणि जंपर सगळ्यात शेवटी काढा. गाडीची वीज एकदाही तुटत नाही. मीटर ओळीत असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर नाहीच. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर खेचतो, मीटर जागेवर जळेल. मध्येच कुणी दार उघडणार नाही हेही घरच्यांना सांगून ठेवा.

आता थांबा. पहिल्या मिनिटाला ०.८ अँपिअर दिसले म्हणून घाबरून फ्यूज उपटायला लागू नका. गाडी बंद केल्यावर तिच्यातली युनिट्स एकेक करून झोपतात. काही गाड्या दहा मिनिटांत, बऱ्याचशा अर्ध्या तासात, काही तासाभरानेही. मीटरवर ते पायऱ्या उतरल्यासारखं दिसतं: आधी अर्धा अँपिअर, मग एकदम २००, मग ८०, मग २५ मिलिअँपिअर. अलार्मच्या दिव्याच्या उघडझापेबरोबर आकडा थोडा खालीवर होत राहतो, तेवढं सोडून द्या. तासाभराने आकडा ५० च्या आत स्थिरावला तर गाडी ठीक आहे. काही मोठ्या, सुविधांनी भरलेल्या गाड्यांत थोडा जास्तही चालतो, तिथे कंपनीच्या माहितीपुस्तकातला आकडा प्रमाण.

आकडा आता २०० च्या आत असेल तर बारीक बघण्यासाठी मिलिअँपिअरच्या रेंजवर जावंसं वाटतं. मी सहसा जात नाही. त्या रेंजचा फ्यूज छोटा असतो आणि मध्येच गाडी जागी झाली की उडतो. शिवाय त्या रेंजवर मीटर स्वतःच थोडे व्होल्ट खातं, त्यामुळे युनिट्स वेगळी वागू शकतात. १० अँपिअरच्या रेंजवर ०.०३ आणि ०.३० यांतला फरक स्वच्छ दिसतो आणि आपल्याला तेवढाच हवा आहे.

डीसी करंट मोजणारा क्लँप मीटर असेल तर काहीच सोडावं लागत नाही, केबलभोवती चिमटा लावला की झालं. फक्त तो काही मिलिअँपिअरपर्यंत नीट दाखवणारा हवा. एसीचाच क्लँप इथे निरुपयोगी.

कोणत्या फ्यूजमधून जातोय

समजा आकडा ०.३५ वर अडकला. जुनी पद्धत म्हणजे एकेक फ्यूज उपटायचा आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. साध्या, जुन्या गाडीत चालून जातं. नव्या गाडीत फ्यूज परत बसवताच ते युनिट जागं होतं, शेजारच्यालाही जागं करतं आणि पुन्हा अर्धा तास गेला. कधी कधी तर अडकलेलं युनिट फ्यूज काढल्यावर रीसेट होऊन नीट झोपतं आणि दोष तात्पुरता गायब होतो. मग हाताला काहीच लागत नाही.

म्हणून फ्यूज जागेवर ठेवून त्यावरचे मिलिव्होल्ट मोजा. यासाठी ऋण केबल पूर्ववत जोडा आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात परत घाला. हे विसरून फ्यूजवर टोकं टेकवलीत तर मीटर तारेसारखं मध्ये बसतं. डायल २०० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवा आणि गाडी पुन्हा झोपू द्या. चपट्या फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, त्यांवर टोकं टेकवा. करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर फ्यूजच्या किंचित अवरोधामुळे काही दशांश मिलिव्होल्ट तरी दिसतातच. १० अँपिअरच्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिअँपिअर. मोठ्या फ्यूजचा अवरोध कमी, म्हणून तेवढ्याच करंटला आकडा आणखी लहान येतो. फ्यूजच्या प्रकार आणि आकारानुसार तक्ते मिळतात, पण शोधण्यापुरतं ‘शून्य की नाही’ एवढं बहुधा पुरतं. घड्याळ, अलार्म यांच्या फ्यूजवर थोडं दिसणारच. सगळ्यात मोठा आकडा कुणाचा, ते बघा. बॉनेटखालचा आणि डॅशबोर्डखालचा असे दोन्ही फ्यूजबॉक्स तपासा.

फ्यूज सापडला की झाकणावरचा किंवा माहितीपुस्तकातला नकाशा काढा. एका फ्यूजवर चार-पाच गोष्टी असतात. मग त्या वस्तूंचे प्लग एकेक काढायचे आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. रिलेवरही (विजेवर चालणाऱ्या स्विचवरही) हात ठेवा. गाडी तासभर बंद आहे आणि एखादा रिले कोमट लागतोय, म्हणजे तो चिकटलाय किंवा त्याला कुणीतरी चालू ठेवलंय. तसाच दुसरा रिले त्या जागी लावून बघा. कोमटपणा रिलेबरोबर गेला तर रिले खराब, जागेवरच राहिला तर त्याला आदेश देणारा स्विच किंवा युनिट.

सगळे फ्यूज शून्य, तरी आकडा मोठा

आता अल्टरनेटर बघा. त्याची जाड वायर सहसा साध्या फ्यूजमधून न जाता मोठ्या फ्यूज-लिंकमधून थेट बॅटरीला जाते, म्हणून वरच्या शोधात तो सापडत नाही. त्यातला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका झाला की गाडी बंद असताना करंट उलटा वाहतो. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन थंडगार आणि अल्टरनेटर मात्र कोमट, ही त्याची खूण.

मीटरनेही बघता येतं: इंजिन चालू करा, डायल एसी व्होल्टवर ठेवा, टोकं बॅटरीवर. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोडवर दाट संशय. पक्कं करायचं तर बॅटरीचं ऋण काढून मग अल्टरनेटरची जाड वायर सोडा, तिचं टोक चांगलं गुंडाळून बॉडीपासून लांब बांधा आणि बंद गाडीचा करंट पुन्हा मोजा. आकडा पडला तर तोच. ही वायर सुटी असताना इंजिन सुरू करायचं नाही. स्टार्टरची केबल आणि बॅटरीलाच थेट जोडलेल्या नंतरच्या वायरी, विशेषतः अँप्लिफायरच्या, इथेच तपासून घ्या.

इथे थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना, आणि त्या ज्या डब्यांना जातात त्यांना, हात लावायचा नाही. तिथला व्होल्टेज जीव घेतो. एअरबॅगच्या बहुधा पिवळ्या असलेल्या कनेक्टरमध्ये मीटरचं टोक घालायचं नाही. वायर गरम लागतेय, इन्सुलेशन वितळलंय, जळका वास येतोय, किंवा तोच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय: बॅटरीचं ऋण काढून ठेवा आणि गाडी चालवूच नका. मोठा फ्यूज टाकून वेळ मारून नेणं म्हणजे आग लागायची व्यवस्था. बॅटरी फुगली असेल किंवा तडकली असेल तर तिला चार्जर लावू नका.

ऋण टर्मिनलवरच छोटा सेन्सर बसवलेली, आपोआप बंद-चालू होणारी इंजिनं असलेली गाडी असेल तर करंट मोजण्यापुरतं ठीक, पण बॅटरी बदलल्यावर काही गाड्यांत संगणकाला तसं कळवावं लागतं. ते काम त्या यंत्राशिवाय होत नाही. दोष रोज येत नसेल, किंवा आकडा दर पंधरा-वीस मिनिटांनी उगाच उसळून परत पडत असेल, तर कुठलं तरी युनिट दुसऱ्यांना झोपेतून उठवतंय. ते शोधायला नेटवर्क वाचणारं स्कॅनर लागतं. मल्टिमीटरने त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही.

जाताना कागदावर एवढं लिहून न्या: पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्ट, ऋण काढून एका रात्रीनंतरचे व्होल्ट, इंजिन चालू असतानाचे व्होल्ट, गाडी बंद केल्यावर किती मिनिटांनी किती मिलिअँपिअर, आणि कोणत्या फ्यूजवर मिलिव्होल्ट दिसले. नंतर बसवलेल्या वस्तूंची यादीही. हा कागद बघूनही कुणी न मोजताच ‘बॅटरी बदला’ म्हणाला तर दुसऱ्याकडे जा.